डाव्या हाताची कानस

"दिसतोय का उजेड?" बर्गे साहेबांनी मागून विचारलं.

एका हातात लोखंडाचा चौकोनी तुकडा आणि दुसऱ्या हातात काटकोन तपासायचा गुण्या घेऊन मी खिडकीकडे तोंड करून उभा होतो. गुण्याचं पातं तुकड्याला टेकवायचं आणि उजेडासमोर धरायचं. कानस सरळ चालली नसेल, तर पात्याखालून उजेडाची फट दिसते. पहिल्या वर्षाच्या पोराच्या कामात तर ती इतकी मोठी असते, की तिच्यातून मांजर निघून जाईल.

"नाही दिसत," मी म्हणालो.

"मग चांगलंच की."

"चांगलं नाही, साहेब. फारच चांगलं आहे. आणि सोळाच्या सोळा तसेच आहेत."

मी तेव्हा जिल्ह्याच्या सरकारी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा निदेशक, म्हणजे शिकवणारा, होतो. आडनाव लोहार आणि पोट भरायचं तेही लोखंडावरच, त्यामुळे लोखंडातलं आपल्याइतकं कुणाला कळत नाही अशी माझी पक्की समजूत होती. बावीस वर्षं पोरांच्या हातात कानस देत होतो. खाजगी आयटीआय मान्यता मागायच्या, तेव्हा तपासणी समितीवर मला हमखास धाडायचे. जागा, शौचालय, विजेचा भार, निदेशकांचे दाखले हे सगळं अध्यक्ष बघायचे आणि कारखाना, म्हणजे वर्कशॉप, मी बघायचो. त्या दिवशी अध्यक्ष होते बर्गे साहेब, दुसऱ्या एका आयटीआयचे प्राचार्य. माणूस मोकळा, खाण्याचा शौकीन, आणि 'ट्रेडचं तुम्ही सांगाल तसं' असं म्हणून माझ्या शब्दावर डोळे झाकून सही करणारा.

संस्था माण तालुक्यातली, एका माळावर. पत्र्याच्या दोन शेडा, पुढे लिंबाची चार रोपं आणि गेटवर सुतळीला बांधलेली आंब्याची पानं. संस्थाचालक हणमंतराव इंगवले. पन्नाशीचा, काळा, किडकिडीत माणूस. आधी मोटारी भरायचं, म्हणजे जळलेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान होतं. ते विकलं, माळाची दोन एकर होती ती घातली आणि हे उभं केलं. सोळा पोरांची एक तुकडी मान्यतेच्या आशेवर सात महिन्यांपूर्वीच बसवली होती. तेव्हा बरेच जण असंच करायचे. मान्यता आली तर पोरं सरकारी परीक्षेला बसणार, नाही आली तर वर्ष पाण्यात.

तपासणीच्या दिवशी सगळ्या संस्था लग्नघरासारख्या असतात. आगीसाठी ठेवलेल्या वाळूच्या बादल्यांचा लाल रंग अजून बोटाला लागत होता. प्रथमोपचाराच्या पेटीला दुकानदाराची चिठ्ठी तशीच चिकटलेली. मी हसून ते साहेबांना दाखवलं. आम्ही आल्या आल्या शाल, श्रीफळ झालं. इंगवल्यांनी हजेरीपटावर, यादीवर, दाखल्यांवर सह्या केल्या आणि मी सहज बघून ठेवलं की माणूस डावरा आहे. अशा गोष्टी माझ्या डोळ्यांतून सुटत नाहीत असं मला तेव्हा फार वाटायचं.

वर्कशॉपमध्ये सोळा प्रशिक्षणार्थी आपापल्या व्हाइससमोर, म्हणजे तुकडा आवळून धरायच्या पकडीसमोर, निळ्या कपड्यांत उभे होते. पंधरा मुलगे आणि एक मुलगी.

"ही अंजना विरकर," इंगवले म्हणाले. "वडील मेंढरं घिऊन कोकणात उतरल्यात. लई मिनत्या केल्या तवा धाडली त्यांनी. एक वरीस दिलंय. परीक्षा दिली तर म्होरं शिकंल, कारखान्यात शिकाऊ म्हणून लागंल. न्हाईतर लगीन."

"अहो, लग्न काय वाईट असतं का?" बर्गे साहेब हसून म्हणाले.

मुलगी हसली नाही. सतरा-अठराची असेल. उंच, अंगानं वाळकी, दोन वेण्या कानामागं घट्ट आवळलेल्या. तिचे डोळे माझ्या हातातल्या गुण्यावर होते.

टेबलावर पोरांचे जॉब, म्हणजे घासून तयार केलेले तुकडे, मांडले होते. प्रत्येक तुकड्यावर हजेरी क्रमांक ठोकलेला, एक ते सोळा. मी एकेक उचलत गेलो. सातव्याला मला शंका आली आणि दहाव्याला खात्री झाली. मी भिंग काढलं. कानशीच्या बारीक रेघा तुकड्यावर राहतात, त्या एखाद्या सहीसारख्या असतात. उजव्या हाताचा माणूस कानस रेटतो तेव्हा रेघा एका अंगाला कलतात, डावऱ्याच्या दुसऱ्या. इथे सोळाही तुकड्यांवर रेघा एकाच अंगाला कललेल्या, आणि तो कल डावऱ्या हाताचा होता.

म्हणजे सोळा पोरांचे म्हणून मांडलेले जॉब एकाच माणसानं केले होते. डावऱ्या, कसलेल्या माणसानं.

मी हळूच इंगवल्यांकडे बघितलं. कागद बगलेत धरून ते बिचारे घाम पुसत होते. डाव्या हातानं.

"तुमचे निदेशक कोण?" मी विचारलं.

एक गोरटेला तरुण पुढे आला. शशिकांत जगदाळे. पदविका, शिवाय निदेशकाच्या प्रशिक्षणाचा दाखला, सगळं चोख. मी त्याला म्हटलं, "जरा तुकडा लावून दाखवा व्हाइसला." त्यानं लावला. कानस धरली. चार हात मारले आणि मला बघवेना. कानस धरायला मनगट लागतं, आणि त्याचं मनगट कागदावर तयार झालं होतं.

"बास," मी म्हणालो.

एवढ्यावर मी थांबलो असतो, गप्प शेरा लिहिला असता, तर ती गोष्ट वेगळी झाली असती. पण हाती सापडलेला चोर चारचौघांत उभा करायची मला खोड होती. साहेब बघत होते, पोरं बघत होती. मी टेबलावर एक तुकडा आपटला आणि मोठ्यानं विचारलं,

"हे जॉब कुणी केले?"

इंगवले पुढे आले. "सायेब, पोरांनीच..."

"तुम्ही थांबा. मी पोरांना विचारतोय. हे सोळाही जॉब एकाच हाताचे आहेत. मला शिकवू नका. कुणाच्या हाताचे?"

मग शेवटच्या व्हाइसपासून आवाज आला.

"म्या केलं, सर."

अंजना विरकर एक पाऊल पुढे आली होती.

"तू? एक तुझा. बाकीचे?"

"समदं म्याच केलं."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. इंगवल्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. मला हसू आलं, आणि ते मी लपवलंही नाही. सात महिन्यांत असा हात कुणाचा होत नाही. माझा स्वतःचा चार वर्षांत झाला नव्हता. बावीस वर्षांत माझ्या हाताखालून साडेतीनशे पोरं गेली, त्यांतल्या दोघांचा झाला होता, तोही नोकरीत गेल्यावर. त्यातून ही पोरगी, मेंढरांमागून आलेली. मालकानं पढवलंय, सापडलो तर तू पुढे हो, बाईमाणसाला कुणी बोलत नाही. एवढं सगळं मी क्षणात रचलं, आणि ते मला इतकं नीट बसलेलं वाटलं की त्यात उजेडाची फटही दिसेना.

"कुणी शिकवलं तुला?"

तिनं आधी इंगवल्यांकडे बघितलं, मग खाली बघितलं.

"जगदाळे सरांनी."

ते खोटं होतं. आंधळ्यालाही कळलं असतं. जगदाळ्यांची चार हात कानस सगळ्यांनी आत्ताच बघितली होती. मला आणखी चेव आला.

मी खिशातून पेन काढलं आणि हजेरीपट तिच्यापुढे सरकवला. "सही कर बघू इथं."

तिला काही कळलं नाही. तिनं पेन घेतलं आणि सही केली. 'अं. भि. विरकर.' उजव्या हातानं.

"साहेब," मी बर्गे साहेबांकडे वळून म्हणालो, "हातच्या कांकणाला आरसा कशाला? पोरगी उजवी आहे. आणि हे सोळाही जॉब डावऱ्या माणसानं केलेत. आता डावरं कोण आहे, ते आपण सकाळपासून बघतोय."

सगळे इंगवल्यांकडे बघायला लागले. त्यांच्या डाव्या हातात घामानं भिजलेला रुमाल तसाच होता. ते तोंड उघडायचे आणि मिटायचे. मी ते गुन्ह्याची कबुली म्हणून धरलं. आता कळतं, की त्या माणसाला बोलायला जागाच नव्हती.

मुलगी म्हणाली, "पर सर..."

"पुरे. एवढ्या लहान वयात खोटं बोलायला शिकू नकोस. हात शिकला नाहीस तरी चालेल, हे शिकू नकोस."

तिनं पेन टेबलावर ठेवलं. टोपण लावून, माझ्याकडे तोंड करून. मग मागे जाऊन आपल्या जागेवर उभी राहिली.

व्हाइस तिच्यापासून हातभर होता आणि कानस व्हाइसवर पडली होती. मी तिच्या हातात पेन दिलं. कानस दिली नाही. दहा मिनिटांचं काम होतं.

ऑफिसात बसून मी शेरा लिहिला. अक्षर माझं चांगलं आहे, तेव्हा तर अभिमानानं लिहायचो. 'सादर केलेले सर्व जॉब संस्थाचालकाने स्वतः केलेले असून प्रशिक्षणार्थ्यांपैकी एकालाही प्रत्यक्ष काम शिकवले गेल्याचे दिसून येत नाही. सबब संलग्नतेची शिफारस करता येत नाही.' खरं म्हणजे अशा संस्थांना आम्ही सहसा एकदम नाही म्हणत नसू. त्रुटी लिहून द्यायच्या, सहा महिन्यांत पूर्ण करा म्हणायचं. निदेशक बदला, हत्यारं आणा. पोरं तोवर परीक्षेला बसून जायची. पण 'एकालाही शिकवलेलं नाही' असं लिहिलं की ती वाट बंद. मला ते माहीत होतं. म्हणूनच ते वाक्य मी लिहिलं होतं. बर्गे साहेबांनी वाचलं, एकदा माझ्याकडे बघितलं. "फार कडक होतंय का, लोहार?" "खोटेपणाला सूट नाही, साहेब." त्यांनी सही केली.

जेवण तरीही झालं. इंगवल्यांनी तांबड्या रश्श्याचा बेत केला होता आणि निकाल काय लागणार ते चेहऱ्यावरून कळलेलं असूनही माणूस स्वतः वाढत होता. "घ्या की सायेब, आणखी एक भाकरी घ्या." बर्गे साहेबांनी घेतली. मीही घेतली.

हात धुवायला मी शेडच्या मागच्या अंगाला पिंपाकडे गेलो. पोरांना सोडलं होतं. ऊन तापलं होतं, माळावर चिटपाखरू नव्हतं. तांब्या पाण्यात बुडवला आणि तेवढ्यात शेडमधून कानशीचा आवाज आला.

तो आवाज मी आयुष्यभर ऐकलाय. शिकाऊ पोराची कानस करवादते, मध्येच दचकते. ही तशी नव्हती. लांब, सरळ, एकसारखी रेटली जात होती. परत येताना मात्र मुकी, नुसती घासत न येता उचलून. मी तांब्या तसाच ठेवला आणि खिडकीपाशी गेलो.

अंजना व्हाइससमोर उभी होती. उजवा पाय पुढे, डावा मागे, कानशीची मूठ डाव्या तळहातात. सगळं उलट. आरशात बघावं तसं. अंग कमरेपासून हलत होतं, खांदा स्थिर. डोळ्यांतून पाणी गळत होतं ते ती दंडाला पुसायची आणि हात चालूच. लोखंडाचा कीस व्हाइसखाली पिठासारखा पडत होता. मी किती वेळ बघत होतो कोण जाणे.

तिनं मला बघितलं. दचकली, मग तिचा सगळा चेहरा उजळला. तिला वाटलं, मी परीक्षा घ्यायला परत आलोय.

"सर, या की आत. बघा."

मी आत गेलो. तिनं तुकडा व्हाइसमधून सोडवला, पदराला पुसावा तसा कपड्याला पुसला आणि माझ्यापुढे धरला. गुण्या माझ्या खिशातच होता. लावला. उजेड दिसला नाही.

"तू तर उजव्या हातानं लिहितेस," मी म्हणालो.

"लिवायला गुरुजींनी शिकवलं सर, ते उजव्या हातानं. कानस मामांनी शिकवली. मामा डावरं. मी त्यांच्या शेजारी हुबी ऱ्हाऊन शिकले. ते जसं धरायचं तशीच धरली." मग एकदम तिनं जीभ चावली. "मामांचं नाव लिवू नगा हां सर. त्यांच्याजवळ दाखला न्हाई. दाखला न्हाई तर शिकवायचं न्हाई म्हणं, कायदा हाय. मामा म्हणालं, सायेब आलं की जगदाळे सरांचं नाव घ्यायचं. म्हणून म्या घेतलं. तेवढंच खोटं बोलले."

मामा म्हणजे इंगवले. गावात सगळी पोरं त्यांना मामाच म्हणायची.

"आणि बाकीचे पंधरा?"

"पोरांचं वाकडं हुतं. मामांना लाज वाटली, पाव्हणं येनार म्हणून. मग मी म्हटलं, मी करते. ते बघा की, त्यांचं तितं हाय."

दाराआड गोणपाट होतं. मी ते उघडलं. पंधरा तुकडे. एकाची कड चावल्यासारखी, एकाला पोट आलेलं, एक इतका तिरका की टेबलावर ठेवला तर डुलला. सगळ्यांवर क्रमांक ठोकलेले. प्रत्येकाचा हात वेगळा. सात महिन्यांच्या पोरांचे असावेत तसेच, अगदी खरे. ते टेबलावर मांडले असते, तर मी डोळे मिटून शिफारस केली असती. आम्ही तपासणीला जातो ते वाकडे जॉब बघायलाच. पण हे त्या मोटारी भरणाऱ्या माणसाला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला वाटलं, पाहुण्यांपुढे चांगलं तेच ठेवावं.

आणि शिष्य गुरूचा हात उचलतो, हे मला तरी कुणी सांगायला हवं होतं का? माझ्या उस्तादांना कानस मारताना ओठ मुडपायची सवय होती. मी अजून मुडपतो. माझी पोरं मुडपतात.

"सर," अंजना म्हणाली, "आता लिवाल न्हवं?"

"काय?"

"का ही पोरगी काम करती म्हणून. मंजुरी मिळंल न्हवं मग? वडील आखाडापतोरच थांबायचं म्हणालेत."

"हो," मी म्हणालो. "लिहितो."

खोटं सांगत नव्हतो. त्या वेळी मी खरंच लिहिणार होतो. त्या शेडमधून बाहेर पडलो तेव्हा शेरा कसा बदलायचा ते मनात जुळवतच निघालो होतो. ते दोन ओळी खोडून, बाजूला सही करून होण्यासारखं होतं.

जीप सुरू होती. बर्गे साहेब पुढे बसले होते, मांडीवर फाइल. दारात इंगवले हात जोडून उभे, शेजारी तो जगदाळे. चार पोरं गेटपाशी घुटमळत होती. मघाशी मी ज्यांच्यापुढे 'हातच्या कांकणाला' म्हणालो होतो तीच ती सगळी माणसं.

"साहेब," मी म्हणालो, "त्या शेऱ्याचं जरा..."

"काय, बदलायचंय का?" त्यांनी लगेच फाइलची दोरी सोडली. मला वाटतं, त्यांना बरंच वाटलं. पेनही काढलं. "सांगा. अजून आपल्याच हातात आहे."

सगळे माझ्याकडे बघत होते. इंगवल्यांनी मान थोडी वर केली. मला एवढंच म्हणायचं होतं, की मी चुकलो. पोरगी खरं बोलत होती आणि मी तिला सगळ्यांदेखत खोटारडी म्हणालो. मला लोखंडातलं कळतं ते अर्धंच कळतं. हे त्या मोटारवाल्यापुढे म्हणायचं, ज्याच्याजवळ दाखला नाही आणि ज्यानं सात महिन्यांत असा हात घडवला, जो मला बावीस वर्षांत घडवता आला नव्हता. आता कळतं, ते मला सगळ्यांत जास्त टोचलं होतं.

"नाही," मी म्हणालो. "तारीख नीट पडलीय ना, एवढंच विचारत होतो."

साहेबांनी तारीख बघितली, दोरी बांधली. जीप निघाली. मी मागे वळून बघितलं नाही. रस्ताभर मी स्वतःला समजावत होतो, की शेवटी सोळांपैकी पंधरा जॉब खोटेच होते, शिकवणारा बिनदाखल्याचाच होता, नियमानं निकाल बरोबरच आहे. आजही कुणी कागद काढून बघितला, तर निकाल बरोबरच निघेल. मला लाज वाटते ती त्यानं कमी होत नाही.

मान्यता नाकारली गेली. संस्था बंद पडली. पोरांची पांगापांग झाली असणार. मी चौकशी केली नाही. करता आली असती. आमच्याकडे जुलैत प्रवेश असतात, मला वाटायचं ती येईल, अर्जांच्या ढिगात मी तिचं नाव शोधायचो. आली नाही. दोन वर्षांनी तेही सोडलं.

पुढे निवृत्त झालो. त्यानंतरच्या वर्षी एका लग्नाला त्या भागात गेलो होतो. म्हसवडच्या रस्त्यावर एसटीची वाट बघत होतो, तेव्हा पलीकडे एका टपरीवजा दुकानात कुणीतरी मोटारीत तार भरताना दिसलं. डाव्या हातानं. मी तोंड फिरवायच्या आत त्यांनीच ओळखलं.

"लोहार सायेब न्हवं का? या, या की."

इंगवले पार पिकले होते. मला स्टुलावर बसवलं, समोरून चहा मागवला. रागाचा मागमूस नव्हता, हेच मला सोसेना. माळ विकला म्हणाले. शेडचे पत्रे कुणी नेले, व्हाइस कुणी नेले, सगळं हसत सांगितलं. मीच शेवटी विचारलं.

"ती मुलगी... अंजना?"

"दिली की. नातेपुत्याकडं. बरं हाय तिचं, दोन लेकरं हायती." त्यांनी तारेचं टोक दातात धरून तोडलं. "लई येळ थांबली वो ती. आखाड झाला, दिवाळी झाली. दोन सोयरिकी आलेल्या माघारी लावल्या. बापानं मारलं सुदिक. पर म्हणायची, सरांनी खिडकीतनं सोता बघितलंय, आत यिऊन गुण्या लावलाय, लिवतो म्हणालेत. लिवल्यात म्हंजी मंजुरी येनारच. रोज पोस्टात जाऊन बसायची."

चहा आला. मी तो हातात धरून बसलो.

"मग शेवटाला म्याच समजूत घातली. म्हटलं, पोरी, सायबांनी लिवलं आसंल, पर वरनं मोडता घातला आसंल कुणीतरी. पुण्या-दिल्लीत आपलं कोण हाय? तवा कुठं उभी ऱ्हायली लग्नाला." इंगवले माझ्याकडे बघून हसले. "तुमचं नाव काढती अजून. लेकरांस्नी सांगती, का एका मोठ्या सायबानं माझं काम बघून खरं लिवलं हुतं."

रस्त्यावरून माझी एसटी गेली. मी उठलो नाही.

"लिवलं हुतं न्हवं, सायेब?" त्यांनी विचारलं. संशयानं नाही. म्हातारी माणसं जुनी गोष्ट पुन्हा एकदा ऐकायला मागतात तसं.

त्यांच्या तोंडाकडे बघून मला दुसरं उत्तर देता येईना. म्हणजे, देता आलं असतं.

"हो," मी म्हणालो. "लिहिलं होतं."

"मग झालं," इंगवले समाधानानं म्हणाले आणि पुन्हा तार गुंडाळायला लागले. "मला ठावंच हुतं. पोरगी काय खोटं बोलनारी न्हवं."